बंगाली स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगाली पदार्थांबद्दल येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात: मोहरी कडू झाली, रसगुल्ला फुटला, नवरात्रात मटण कसं चालतं. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आधी रोजच्या स्वयंपाकाचे, मध्ये रीतीभातींचे, मग गोडाचे आणि शेवटी व्याह्यांच्या जेवणाचा. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बंगाली थाळीतलं सगळं एकदम वाढलं तर काय बिघडतं?

हॉटेलवाले वाट्यांची आरास मांडतात ती फोटोसाठी. घरी आणि लग्नाच्या पंगतीत पदार्थ एकामागून एक येतात आणि प्रत्येकाशी थोडा थोडा भात वेगळा कालवून खाल्ला जातो. आधी कडू, म्हणजे शुक्तो (कारलं घातलेली मिसळ भाजी, प्रश्न ५) किंवा कडुनिंबाच्या पाल्याबरोबर तळलेलं वांगं. मग डाळ आणि तिच्याबरोबर काहीतरी तळलेलं, ज्याला ते ‘भाजा’ म्हणतात. मग भाज्या, मासे, असलंच तर मटण. त्यानंतर चटणी आणि पापड, शेवटी दही आणि मिठाई. सौम्य चवीकडून भारी चवीकडे असा हा प्रवास असतो. मटणाचा रस्सा आधी जिभेवर बसला की शुक्तो नुसतं पाणचट लागतं.

चटणीबाबत आपल्याकडच्यांची हमखास फसगत होते. ती पानात डावीकडे वाढायची नसते. टोमॅटो, खजूर आणि आमशोत्तो (आपली आंबापोळी) शिजवून केलेली ही गोड चटणी जेवणाच्या शेवटाकडे वाटीभर खायची असते.

२. पाचफोडणात नक्की काय असतं? आणि राधुनी मिळाली नाही तर?

मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि राधुनी, सगळं अख्खं. चार जिन्नस समान घ्यावेत, मेथी निम्मी. राधुनी म्हणजे ओव्याच्या कुळातलं बारीक, उग्र वासाचं बी. ते मिळालं नाही तर मोहरी घालावी. कोलकात्यातही कितीतरी घरांत मोहरीच असते.

दोन चुका नेहमी होतात. पहिली: कलौंजीला बंगालीत ‘कालो जीरे’ म्हणतात. ते वाचून लोक गोड्या मसाल्यातलं शहाजिरं घालतात आणि पदार्थाचा वासच बदलतो. दुसरी: पाचफोडण सगळ्याला घालणं. बंगाली स्वयंपाकात प्रत्येक पदार्थाची फोडणी ठरलेली असते. इलिश (हिलसा मासा, प्रश्न ७) आणि वांग्याच्या पातळ रश्शाला फक्त कलौंजी आणि हिरवी मिरची. छोलार डाळीला (हरभऱ्याची डाळ, ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या घालून) जिरं, तमालपत्र, सुकी मिरची. फोडणी दिल्यावर आपला हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. तो तिथेच थांबवता आला तर अर्धा बंगाली स्वयंपाक जमला म्हणून समजा.

३. मोहरीचं तेलच हवं का? आमच्या घरी वास सहन होत नाही.

बंगाली चव हवी असेल तर हो. वास कमी करण्यासाठी तेल कढईत धूर येईपर्यंत तापवा, गॅस बंद करून थोडं निवू द्या, मग फोडणी करा. पिवळट रंग फिका झाला की तेल तयार. काही पदार्थांत मात्र तेल मुद्दाम कच्चंच घालतात: उकडून कुस्करलेला बटाटा, पोस्तोवर (खसखशीच्या वाटणातली भाजी, प्रश्न १२) शेवटी सोडलेला चमचा, वाफवलेला मासा. तिथे तो झणझणीत वास हाच मसाला आहे. शेंगदाण्याच्या तेलात भाजी होईल, वाईटही लागणार नाही, पण ती आपलीच भाजी होईल.

अमेरिकेतून विचारणाऱ्यांसाठी: तिथल्या बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेलं असतं, कारण त्यातल्या इरुसिक आम्लामुळे खाद्यतेल म्हणून त्याला तिथे मान्यता नाही. वापरायचं की नाही, ते हे माहीत असताना ठरवा.

४. वाटलेली मोहरी दर वेळी कडू का होते?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच. मोहरी भरडली आणि तिला पाणी लागलं की तिच्यातला तिखटपणा जागा होतो. नाकात जाणारी झणझण त्याचीच. पण मिक्सरचं भांडं बराच वेळ फिरलं, तापलं, सालं अगदी पीठ झाली की कडवटपणा पुढे येतो. काळी मोहरी जास्त कडू, पिवळी कमी.

म्हणून दोन भाग पिवळी आणि एक भाग काळी घ्या. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या. मीठ आणि एक-दोन हिरव्या मिरच्या घालून, थंड पाण्याचे शिंतोडे देत, थांबत थांबत वाटा. फार वेळ नको. तरीही धास्ती वाटत असेल तर पाणी घालून गाळून घ्या, सालं गाळणीत राहतील. तेलात हे वाटण परतायचं नाही. रश्शात शेवटी घालून दोन-चार उकळ्या पुरतात. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात, त्या घरातल्यांना हे सांगावं लागत नाही.

मोहरी आंबवून केलेली काशुंदी हा वेगळा पदार्थ आहे. ती तळलेल्या माशाबरोबर किंवा पालेभाजीबरोबर बोटभर घ्यायची. पूर्वी अक्षय्य तृतीयेला सोवळ्यात मोहरी धुऊन ती घातली जायची.

५. शुक्तो कडू असतं म्हणून मुलं खात नाहीत. कारलं वगळलं तर चालेल?

मग ती नुसती दुधातली मिसळ भाजी होईल. कारल्याचं प्रमाण मात्र खूप कमी असतं, हे लक्षात घ्या. एका पातेल्याला कारल्याच्या सहा-सात पातळ चकत्या पुरतात. त्या वेगळ्या तळून ठेवायच्या. कच्चं केळं, रताळं, वांगं, शेवग्याच्या शेंगा, कच्ची पपई यांच्या बोटभर लांब फोडी. सोबत तळलेली ‘बोडी’, म्हणजे डाळीचे सांडगे. फोडणी पाचफोडणाची. आल्याचं आणि थोड्या मोहरीचं वाटण, हळद जवळजवळ नाहीच. भाज्या शिजल्या की दूध, चिमूटभर साखर, तळलेलं कारलं, शेवटी चमचाभर तूप. कांदा-लसूण अजिबात नाही. शुक्तो दुपारच्याच जेवणात आणि पहिल्या घासाला. रात्री ते वाढत नाहीत.

६. झोल, झाल, कालिया, दालना, घोंटो, चोच्चोडी… सगळे रस्सेच ना?

नाही. झोल म्हणजे पातळ, रोजचा, पचायला हलका. झाल म्हणजे मोहरी किंवा मिरचीचा झणका असलेला, अंगासरसा. कालिया कांदा-आलं-गरम मसाल्याचा, पाहुण्यांसाठीचा. दालना दाटसर रस्सा, बहुधा बिनमाशाचा. घोंटो म्हणजे भाजी शिजवून घोटलेली. चोच्चोडी कोरडी, अनेक भाज्यांची, खाली जराशी लागू दिलेली. भापा वाफवलेलं, पातुरी केळीच्या पानात बांधलेलं. गरम मसाला म्हणजे त्यांच्याकडे फक्त वेलची, दालचिनी, लवंग.

७. इलिश इथे कुठे मिळेल, आणि नाही मिळाली तर कोणता मासा घेऊ?

मुंबई-पुण्यात बंगाली वस्तीजवळच्या मासळी बाजारांत पावसाळ्यात बर्फातली इलिश येते. थोडी ओळख असू द्या. इलिश समुद्रात राहते आणि अंडी घालायला नदीत चढते. नदीत चढलेल्या माशाला चव अधिक. पूर्वी ती गंगेतून थेट अलाहाबादपर्यंत जायची. १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झालं आणि ती वाट जवळजवळ बंद झाली. आज सर्वांत नावाजलेली इलिश बांगलादेशातल्या पद्मा नदीची. बांगलादेशाने २०१७ मध्ये इलिशसाठी भौगोलिक मानांकनही मिळवलं. पश्चिम किनाऱ्यावर भरूचजवळ नर्मदेच्या मुखाशीही ती सापडते. बंगाली माणूस ती नाक मुरडत का होईना, खातो.

घेताना किमान सातशे-आठशे ग्रॅमची घ्या. छोटी इलिश म्हणजे नुसते काटे; शिवाय २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला पश्चिम बंगालमध्ये बंदी आहे. मासा अख्खा असतानाच धुवा. कापल्यावर धुतला तर तेल वाहून जातं, आणि या माशाची किंमत त्या तेलाचीच असते. कांदा-लसूण नको. चार तुकड्यांना प्रश्न ४ मधलं तीन चमचे मोहरीचं वाटण, हळद, मीठ, चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि तीन चमचे कच्चं मोहरीचं तेल चोळा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून पंधरा मिनिटं वाफवा. ही झाली भापा इलिश. बंगाली स्वयंपाकातला सर्वांत सोपा पदार्थ हाच सर्वांत मोठ्या मानाचा आहे, हे मला फार आवडतं.

बदली मासा विचाराल तर भिंग इलिशच्याच जातकुळीतली आहे, पण काटे तितकेच. काटे नको असतील तर सरळ जिताडा घ्या. अलिबाग-पेणचा जिताडा आणि कोलकात्याची ‘भेटकी’ हा एकच मासा. तिथे लग्नात भेटकीची पातुरी मानाची असते. झोलासाठी रोहू किंवा कटला चांगला, आणि तो आता सगळीकडे मिळतो. सुरमई मोहरीत बरी लागते. बांगडा मात्र नको, दोन उग्र वास एकमेकांशी भांडतात.

८. आम्ही मासे खात नाही. मग बंगाली जेवणात आमच्यासाठी काय उरतं?

भरपूर, आणि त्यामागचा इतिहास सुखाचा नाही. उच्चवर्णीय बंगाली घरांत विधवांना मासे, मटण, कांदा, लसूण, एवढंच काय मसूर डाळही वर्ज्य होती. त्यांची चूल वेगळी असे. त्या चुलीवर, मोजक्या जिनसांत, या स्त्रियांनी जे शिजवलं त्यातून बंगालचा बिनमाशाचा स्वयंपाक घडला. दुधी, बटाटा, परवल यांची सालंही त्यांनी टाकली नाहीत. खसखस लावून परतली. दुधीच्या सालीची चटणी करणाऱ्या आपल्या घरांना हे जवळचं वाटेल.

सुरुवातीला मोचार घोंटो करा. मोचा म्हणजे केळफूल. हाताला तेल लावून निवडायचं, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पातळ पापुद्रा काढायचा, चिरून हळद-मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, हे आपल्यासारखंच. पुढे त्यात बटाटा, ओलं खोबरं, जिरं-आलं, तूप आणि गरम मसाला. धोकार दालना म्हणजे वाटलेल्या हरभरा डाळीच्या वड्या तळून रश्शात सोडलेल्या. पाटवडी रस्सा करणाऱ्याला पहिल्या फटक्यात जमेल. कच्च्या फणसाला (‘एचोड’) ते ‘गाछ-पाठा’ म्हणतात, झाडावरचा बोकड, आणि मटणासारखाच कांदा-लसूण-गरम मसाल्यात शिजवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तो आलं-जिऱ्यात करावा.

९. मग ‘निरामिष मांगशो’ म्हणजे काय? शाकाहारी मटण?

खरंखुरं बोकडाचं मटण, फक्त कांदा-लसणाशिवाय. कालीपूजेला बळी दिलेल्या बोकडाचा प्रसाद असा शिजवतात: आलं, जिरं, धणे, हिंग, थोडं दही, मोहरीचं तेल. कांदा-लसूण नैवेद्याला चालत नाही, मटण चालतं. उलट बाजूने मसूर डाळ, जी आपण डोळे मिटून शाकाहारात धरतो, ती अनेक बंगाली घरांत पूजेच्या दिवशी सामिष मानून टाळतात. म्हणून शाकाहारी पाहुण्याने बंगाली घरी ‘निरामिष’ ऐकून निश्चिंत होऊ नये. ‘मासे, मटण, अंडं नाही ना?’ असं स्पष्ट विचारावं.

१०. आपण नवरात्रात उपास करतो आणि ते मटण खातात, हे कसं?

त्यांच्यासाठी दुर्गा या दिवसांत माहेरी आलेली मुलगी असते, आणि लेक घरी आल्यावर उपास कोण करतं? अष्टमीला सकाळी अंजली (देवीला फुलं वाहणं) होईपर्यंत पोटात काही नाही, मग अनेक घरांत बिनमाशाचं जेवण, लुची (मैद्याची पुरी, प्रश्न १४) आणि छोलार डाळ. नवमीला मटण ठरलेलं. मंडपातला भोग मात्र शाकाहारी असतो: भाजलेल्या मुगाची आणि गोबिंदभोग तांदळाची खिचुडी, मिसळ भाजीची लाब्रा, चटणी, पायेश (तांदळाची खीर). मुंबईत शिवाजी पार्कच्या बंगाली पूजेत हा भोग मराठी माणसंही रांगेत उभी राहून जेवतात. मुगाची डाळ कोरडी, खमंग भाजली नाही तर ही खिचुडी साध्या खिचडीपलीकडे जात नाही.

११. बंगाली लोक सगळ्यात साखर घालतात का?

सगळे नाहीत. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’; त्यांचा हात गोड. फाळणीच्या आधी-नंतर पूर्व बंगालातून आलेले ते ‘बांगाल’. ते तिखट खातात आणि डाळीत साखर दिसली तर थट्टा करतात. घोटींची चिंगडी (कोळंबी, नारळाच्या दुधातली मलाई करी), बांगालांची इलिश. हा वाद फुटबॉलपर्यंत गेलेला आहे: १८८९ चा मोहन बागान घोटींचा, १९२० चा ईस्ट बंगाल बांगालांचा, आणि जो जिंकेल त्याचा मासा त्या दिवशी महागतो. रोजच्या भाजीतली साखर चिमूटभरच असते. आपण आमटीत गूळ घालतो, तेव्हा या विषयावर फार बोलू नये.

१२. आलू-पोस्तो करायचंय. खसखस किती लागते?

चार माणसांना पाऊण वाटी, म्हणजे आपण वाटणात घालतो तशी चमचाभर नव्हे. कोमट पाण्यात तासभर भिजवून हिरव्या मिरचीबरोबर वाटा. तेलात कलौंजी, मग बटाट्याच्या फोडी, शिजत आल्या की वाटण, शेवटी कच्चं तेल. हळदही नको. बाँकुडा, बीरभूम, पुरुलिया या उन्हाळ्यात तापणाऱ्या जिल्ह्यांत हे रोजचं अन्न आहे. सोबत बडीशेप-आल्याची उडदाची डाळ आणि भात.

आखातातल्या वाचकांनी इथे थांबावं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. सामानातून नेऊ नका, अनारशांसाठीसुद्धा नाही.

१३. कोलकाता बिर्याणीत बटाटा का?

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाब वाजिद अली शाह कोलकात्याजवळ मटियाबुर्जला येऊन राहिला आणि त्याच्याबरोबर खानसामेही आले. पैसा संपला म्हणून मटणाऐवजी बटाटा घातला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला ती पटत नाही. नवाबाला वर्षाला बारा लाखांचं निवृत्तिवेतन होतं आणि तो प्राणिसंग्रहालय पाळून होता. बटाटा तेव्हा नवलाईची भाजी होती, हे कारण जास्त सरळ वाटतं. काही असो, बटाटा अर्धा कापलेला, तळून मसाल्यात मुरवलेला हवा.

१४. लुची आणि पुरीत फरक काय?

लुची मैद्याची, तुपाचं मोहन घातलेली, पांढरी राहील इतपतच तळलेली. तांबूस झाली तर हुकली.

१५. रसगुल्ले फुटतात, नाहीतर रबरासारखे होतात. आणि मूळचे कोणाचे?

फुटतात ते छेन्यात पाणी राहिल्यामुळे किंवा मळणं कमी पडल्यामुळे. रबरी होतात ते उकळत्या दुधातच लिंबू पिळल्यामुळे किंवा छेना फार कोरडा केल्यामुळे. दूध गाईचंच घ्या. म्हशीच्या दुधाचा छेना कडक होतो. उकळी आली की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, पाणी मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घाला, हिरवट पाणी सुटताच थांबा. थंड पाण्याने धुऊन अर्धा तास टांगा. तळहाताने आठ-दहा मिनिटं मळा, हाताला किंचित तूप सुटेपर्यंत. गोळ्यांना चीर नको. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, पाक पूर्ण वेळ खळखळत हवा, झाकण ठेवून पंधरा मिनिटं.

मूळ कोणाचा, यावर बंगाल आणि ओडिशा बरीच वर्षं भांडले. बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये स्पंजासारखा रसगुल्ला केला असं बंगाल सांगतो. पुरीच्या जगन्नाथाला नैवेद्यात तो कितीतरी आधीपासून आहे असं ओडिशा. शेवटी ‘बांगलार रसगोल्ला’ला २०१७ मध्ये आणि ‘ओडिशा रसगोला’ला २०१९ मध्ये वेगवेगळं मानांकन मिळालं. दोन्ही खाऊन बघितले तर ते दोन वेगळे पदार्थ आहेत हे कळतं: ओडिशाचा मऊ, तांबूस, कमी लवचीक.

१६. नोलेन गूळ दुधात घातला की दूध फाटतं. काय चुकतं?

गॅस चालू असतो, हे चुकतं. पायेशचे तांदूळ पूर्ण शिजवा, पातेलं खाली उतरवा, कोमट झाल्यावर गूळ घाला आणि पुन्हा तापवू नका. हा गूळ खजुरीच्या रसाचा, म्हणजे आपल्याकडच्या शिंदीच्याच झाडाचा. तो फक्त थंडीत निघतो; ‘शिउली’ लोक संध्याकाळी खोडाला खाच पाडून मडकं बांधतात आणि पहाटे उतरवतात. पातळ तो झोला गूळ, ढेपेचा तो पाटाली. पौष संक्रांतीला आपण तिळगूळ करतो तेव्हा तिकडे याच गुळाचं सारण भरून पाटीशापटा आणि पुली होतात. जूनमध्ये ‘ताजा’ नोलेन गूळ कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

१७. मिष्टी दोई घट्ट लागत नाही.

एक लिटर साईचं दूध निम्म्यापेक्षा थोडं जास्त उरेपर्यंत आटवा. साखर शंभर ग्रॅम. त्यातली दोन-तीन चमचे कोरड्या कढईत तांबूस करून घाला, रंग आणि वास त्याचाच. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट असताना पाणी निथळलेलं चमचाभर दही फेटून मिसळा. मातीच्या मडक्यात लावा, कारण माती जास्तीचं पाणी शोषते. आठ-दहा तास हलवू नका.

१८. मुलीचं लग्न बंगाली घरात ठरलंय. व्याही पहिल्यांदा जेवायला येणार आहेत. बंगाली करू का?

करू नका. इलिश तर नाहीच. त्यांच्या आईची चव तुम्हाला एका दिवसात गाठता येणार नाही. आपलंच करा, पण भात मुख्य धरा आणि पोळ्या कमी ठेवा. मासा हवाच, तो नसेल तर ‘जेवण’ झालं असं त्यांना वाटत नाही. पापलेट किंवा कोळंबी ठेवा. कोळंबी नारळाच्या रसातली केलीत तर घोटी असोत की बांगाल, दोन्ही खूश. मुख्य म्हणजे एकदम वाढू नका, प्रश्न १ प्रमाणे एकेक आणा. आणि पुरणपोळी वाढताना ती गोड आहे हे आधी सांगा. लुचीबरोबर मटण खाणारी माणसं आहेत. न सांगता वाढलीत तर पहिला तुकडा रश्शात बुडेल.